सात पाण्यांनी धुतलेली वाट

मित्रांनो, मी लासुर्ण्याच्या शिवारातल्या दवाखान्याची जुनी वाट आहे. सडकेपासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत मोजून चाळीस पावलांची. वय विचाराल तर सात वर्षांची. सात वर्षांची वाट जुनी कशी, म्हणून हसू नका. रोज शेपन्नास पायांनी तुडवलं, की वाटेला म्हातारपण लवकर येतं. शिवाय तुमच्यापैकी काही जणांनी माझ्या अंगात गोट्या खेळायला गली खणल्या आहेत. नावं घेत नाही. ज्यांनी खणल्या त्यांना ठाऊक आहे.

इतर वाटा मातीच्या असतात, मुरमाच्या असतात. मी शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझ्यासारखी दुसरी वाट नसेल, असं मला वाटतं. समुद्राकाठी अशा वाटा पुष्कळ आहेत म्हणे. घरापुढे, बागेत, नारळाच्या आळ्याभोवती तिकडे शिंपल्यांचा चुरा पसरतात. त्याने चिखल होत नाही, पाणी साचत नाही आणि अंगणही कसं स्वच्छ दिसतं. पण समुद्र इथून पन्नास-साठ कोसांवर. मग मी इथे आले कशी? त्यासाठी द्वारकाबाईंची गोष्ट सांगायला हवी.

द्वारकाबाई म्हणजे दवाखान्याच्या नर्सबाई. श्रीवर्धनकडच्या. नेसायला पांढरं पातळ, पायात काळ्या चपला आणि बोलणं नाकात. त्या इथे आल्या तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. सडक आणि पायरी यांच्या मध्ये नुसतं काळं रान होतं. काळं रान उन्हाळ्यात हात जाईल एवढं भेगाळतं आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल होऊन बसतं. त्या चिखलातून जाताना चपला तर सोडाच, बैलाचा पायसुद्धा निघता निघत नाही.

बाई आल्या त्याच वर्षीच्या श्रावणात सिंधुबाई नावाच्या एका बाईला बाळंतपणासाठी बैलगाडीतून आणलं. गाडी सडकेवरून खाली उतरली आणि आसापर्यंत रुतली. दवाखान्याचं दार समोर दिसत होतं. चाळीस पावलं फक्त. पण बैल हलेनात आणि त्या अवस्थेत सिंधुबाईंना उचलून त्या निसरड्यातून आणायची कुणाची छाती होईना. शेवटी द्वारकाबाई पातळ खोचून चिखलातून गाडीपर्यंत गेल्या. दोनदा पडल्या. बाळंतपण गाडीतच झालं, भर पावसात. सिंधुबाई वाचल्या. बाळ वाचलं नाही.

त्या दिवसानंतर कितीतरी दिवस बाई संध्याकाळी पायरीवर बसून त्या चाळीस पावलांकडे बघत असत. वरती अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग एके दिवशी त्या कुशाबाईंना म्हणाल्या, "आमच्याकडे असतं ना, तर घरातल्या चार माणसांनी दोन दिवसांत शिंपल्याची वाट केली असती."

कुशाबाई म्हणजे गावातली सत्तरीची सुईण. द्वारकाबाई नवीन आल्या तेव्हा दोघींचं मुळीच पटत नसे. पण सिंधुबाईंच्या वेळी दोघी एकाच गाडीत गुडघे टेकून बसल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्यात भांडण असं राहिलंच नाही. कुरबूर मात्र रोज चाले.

"शिंपल्याला कशाला पायजे समुद्र?" कुशाबाई म्हणाल्या. "पळसदेवाकडं भीमाकाठी चला. डोहाच्या वळणावर ढीग पडल्यात शिंपल्यांचं. कुणी इचारत न्हाय त्यास्नी."

झालं. चैत्रात नदी आटली तसा गेणबा गाडीवान आपली गाडी घेऊन निघाला. जायला एक दिवस, भरायला एक आणि यायला दीड. नदीने वर्षानुवर्षं आणून टाकलेले करडे, काळपट, आतून मोत्यासारखे चमकणारे शिंपले त्याने खोऱ्याने भरून आणले. अशा चार खेपा केल्या. बाईंनी त्याच्या म्हातारीचा पाय बरा केला होता, एवढंच तो सांगायचा.

पहिल्या खेपेला बाईंनी एक चूक केली. समुद्राकाठी खाली वाळू असते, तिथे चुरा तसाच पसरला तरी चालतो. बाईंनी इथेही तसाच पसरला, थेट काळ्या मातीवर. चार दिवसांनी वळवाची एक सर येऊन गेली आणि बघतात तर अख्ख्या गाडीभर शिंपल्यांचा पत्ता नाही. काळ्या रानाने गिळून टाकले. कुशाबाईंना एवढं हसू आलं की त्या पायरीवरच बसल्या.

"अवो बाई, ही माती हाय का वाळू? हिच्या प्वाटात डोंगर जाईल. आधी हात दीड हात खांदा, खालनं मुरूम भरा, धुमसा, मग तुमचं शिंपलं टाका."

मग तसंच झालं. खणलं, मुरूम भरला. शिंपले खळ्यावर पसरून त्यांवरून बैलांनी दगडी रूळ फिरवला. माझ्या जन्माचा आवाज तो. रूळ फिरला की कडाड कडाड व्हायचं आणि लोक कामं टाकून बघायला यायचे. मग चाळून जाड चुरा खाली, बारीक वर, पाणी शिंपडून जड लाकडी धुमसाने ठोकत ठोकत मला बसवलं. बाया अनवाणी येणार म्हणून द्वारकाबाई चपला काढून स्वतः माझ्यावरून चालून बघत. कुठे काही टोचलं की तिथे खाली बसून तेवढा तुकडा हाताने वेचून काढत. मित्रांनो, पाय टोचू नयेत म्हणून अख्ख्या वाटेवर स्वतः चालून बघणारी माणसं फार नसतात. मला ती पहिल्याच आठवड्यात भेटली.

पायरीजवळची दहा पावलं तेवढी राहिली, कारण शिंपले संपले. गेणबाचे बैल आता पेरणीआधीच्या मशागतीत अडकले होते. तेवढ्यात बाईंच्या भावाने श्रीवर्धनहून बारामतीच्या स्टेशनावर भली मोठी पोती पाठवली. आत गावच्या समुद्राचे शिंपले. पांढरेशुभ्र, काहींवर गुलाबी छटा. बाईंनी एक पोतं उघडलं आणि नुसता वास घेत राहिल्या. तिकडे आई होती, भाऊ होता, घरापुढे अशीच वाट होती. बदलीचा अर्जही केलेला होता, त्याचंही उत्तर येत नव्हतं. ती दहा पावलं त्यांनी दुसऱ्या कुणालाही करू दिली नाहीत. स्वतः चुरा केला, स्वतः पसरला. मी पुरी झाले तेव्हा मृग लागायला दहा-बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आलं आणि मी चकाकले. खरं सांगते, मला माझाच गर्व झाला. आणि नेमके त्याच वेळी महिपतराव सडकेवरून चालले होते.

महिपतराव दवाखान्याशेजारच्या मोसंबीच्या बागेचे मालक. माझा उतार त्यांच्या बागेकडे आहे. माझ्यावर पडलेलं पाणी त्यांच्याच झाडांना जातं. त्यांनी मला पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. मग खांद्यावरचं फावडं काढून तरातरा आले.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पांढऱ्या वाटेला काय घाबरायचं? पण आपल्या भागात पांढरं रान बघितलं की शेतकरी धास्तावतो. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, लोकांनी हवं तसं पाणी दिलं आणि मग काही वर्षांनी जमिनीतलं मीठ वर आलं. सकाळी उठून बघावं तर रानावर पीठ सांडल्यासारखं पांढरं. तिथे मग गवतही उगवत नाही. महिपतरावांची वडिलोपार्जित चार एकर अशीच मिठाने गेली होती. उरलेल्या तुकड्यात त्यांनी ही मोसंबी लावली होती आणि पोटच्या पोरासारखी वाढवली होती.

"बाई, ह्ये काय करून ठिवलंय?" ते ओरडले. "माझ्या बागंच्या उशाला मीठ आणून पसारलंय व्हय? पयला पाऊस पडला की सगळं खाली उतरंल. झाडं मरतील माझी!"

"मीठ नाही हो ते, शिंपले आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "नदीचे."

"नदीचं का कशाचं त्ये जीभ सांगंल."

आपल्याकडचे जुने शेतकरी रान खारवलं का हे जिभेवर बघतात, तुम्ही घरी पाहिलं असेल. महिपतराव सडकेच्या टोकाला उकिडवे बसले, चिमूटभर चुरा उचलून जिभेवर ठेवला. थुंकले. चार पावलं पुढे येऊन पुन्हा तसंच. असं करत करत ते निम्म्यावर आले. बघायला माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "आबा, चटणी देऊ का संगं?" सगळे हसले. महिपतराव हसले नाहीत. तीस पावलं झाली आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"न्हाय. मीठ न्हाय. बोललो त्ये मनावर घिऊ नका, बाई." आणि फावडं खांद्यावर टाकून ते वळले.

माझा जीव भांड्यात पडला. पण द्वारकाबाईंचा चेहरा बघितला आणि माझ्या लक्षात आलं की गोष्ट संपलेली नाही. पुढची दहा पावलं समुद्राच्या शिंपल्यांची होती. ते धुतलेले नव्हते. वासासाठीच तर त्यांनी ते धुतले नव्हते! त्यात मीठ आहे हे बाईंच्या त्या क्षणी ध्यानात आलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, गप्प राहा. माणूस चालला आहे, जाऊ दे त्याला. दहा पावलांत असं मीठ ते किती असणार! आणि पाऊस तोंडावर आला आहे. आता खणलं तर पुन्हा तोच चिखल, अगदी पायरीपाशी.

मित्रांनो, मी वाट असून मला आडमार्ग सुचला. बाईंना नाही सुचला.

"महिपतराव, थांबा," त्या म्हणाल्या. "पुढचंही बघा. ते नदीचं नाही. माझ्या गावच्या समुद्राचं आहे."

महिपतराव परत आले, बसले, चिमूट जिभेवर ठेवली. त्यांचं तोंड एकदम वाकडं झालं.

"हाय," ते हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाई, ह्ये उचलाया लागंल."

"उचलते," बाई म्हणाल्या. "आजच उचलते."

आणि त्यांनी उचललं. दुपारच्या उन्हात एकटीने, खुरप्याने खरवडून. ज्या हातांनी पसरलं होतं त्याच हातांनी घमेली भरली. कुशाबाई आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"आता ह्याचं काय करणार?"

"टाकून द्यायचं. दुसरं काय?"

"टाकून? मग ती धा पावलं कशानं भरायची, तुमच्या अर्जानं? अवो, खारं झालंय तर धुवा की. आमी खारवलेली मिरची धुतो न्हाय का! सात पाणी द्या. सातव्या पाण्याला मीठ ऱ्हायलं तर माझं नाव बदला."

दुसऱ्या दिवसापासून धुणं सुरू झालं. दवाखान्याची बादली, गावातल्या काहिली, हांडे, जे मिळेल ते मांडलं. पाटावरून डोक्यावर पाणी आणायचं, शिंपल्यांवर ओतायचं, काठीने ढवळायचं, सकाळचं पाणी संध्याकाळी काढायचं. खारं पाणी फेकायचं कुठे? तर सडकेपलीकडच्या मुरमाच्या खाणीत, जिथे काहीच उगवत नाही. ही अट महिपतरावांची. ते रोज येऊन बसत, कुठे थेंब सांडतो का बघत आणि प्रत्येक पाण्यानंतर एक चिमूट जिभेवर ठेवत.

"हाय," पहिल्या पाण्याला म्हणाले.

"हाय," दुसऱ्याला.

तिसऱ्या पाण्याच्या वेळी पाणी वाहून वाहून बाईंची मान आखडली. महिपतरावांनी ते पाहिलं. उठून घरी गेले आणि कावड घेऊन आले. मग कावडीने पाणी तेच आणू लागले. ज्याच्यामुळे धुवायचं तोच पाणी वाहतो, हे बघून गेणबाला फार गंमत वाटली. औत सोडल्यावर तोही हांडा घेऊन येऊ लागला.

पाचव्या पाण्याला महिपतराव पुष्कळ वेळ तोंड हलवत बसले आणि म्हणाले, "हाय, पर थोडकं."

सातवं पाणी काढलं तेव्हा मृगाला दोन दिवस होते आणि आभाळ भरून येत होतं. महिपतरावांनी चिमूट जिभेवर ठेवली. थुंकले नाहीत. दुसरी ठेवली.

"न्हाय," ते म्हणाले. "काय बी न्हाय. तुमी बी बघा, बाई."

द्वारकाबाईंनी चिमूटभर चुरा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

महिपतराव घाबरले. "का वो? ऱ्हायलंय का अजून?"

"नाही," बाई म्हणाल्या. "काहीच राहिलं नाही."

त्यांनी चुरा निथळायला वापरलेलं पोतं उचलून नाकाशी धरलं. त्यालाही आता ओल्या दगडासारखा वास येत होता, पाटाच्या पाण्याचा. महिपतरावांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "बाई, माझी चार एकर मिठापायी गेली. तुमचं हुतं त्येवढं मीठ माझ्यापायी गेलं. माझ्यानं काय फेडणं हुणार न्हाय ह्ये."

"फेडायचं काय त्यात?" बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "धुमस घ्या हातात. पाऊस यायच्या आत बसवायचंय."

महिपतरावांनी धुमस घेतला. माझी शेवटची दहा पावलं त्यांनी ठोकून बसवली आहेत. आजही तीच सगळ्यांत घट्ट आहेत, तिथे तुमची गल खणली जात नाही ती उगीच नाही.

त्या पावसाळ्यात माझ्यावरून अकरा बाया चालत दवाखान्यात गेल्या. आषाढात भर पावसात पहिली आली ती सारजा. तिच्या एका बाजूला तिची सासू, दुसऱ्या बाजूला द्वारकाबाई. दर चार पावलांनी ती थांबायची, तेव्हा मी श्वास रोखून धरायचे. तिचं पाऊल एकदाही घसरलं नाही. तासाभराने आतून बाळाचं रडणं आलं. बागेतून महिपतरावांनी विचारलं, "काय झालं वो?" आणि कुशाबाई पायरीवर येऊन ओरडल्या, "माणूस झालं!" महिपतरावांची मोसंबीही हिरवीगार राहिली. एक झाडसुद्धा वाळलं नाही.

दोन वर्षांनी सारजाने एक गोष्ट केली. आपल्याकडे तेव्हा तान्ह्याला शिंपीने, म्हणजे लहानशा शिंपल्याने, दूध पाजायचे. सारजाचं पोर वाटीने प्यायला लागलं, शिंपीचं काम संपलं. ती पोराला कडेवर घेऊन आली, शिंपी माझ्यावर ठेवली आणि टाचेखाली फोडली. कुणी सांगितलं नव्हतं. पण मग दुसरीनेही तसंच केलं, तिसरीनेही. पाऊस दरवर्षी माझं थोडं वाहून नेई आणि बाया दरवर्षी माझ्यात थोडं घालत. म्हणून आता माझ्या अंगात नदी किती, समुद्र किती आणि दुधाच्या शिंप्या किती, हे मलाही सांगता येणार नाही.

द्वारकाबाईंची बदली झाली त्याला दोन वर्षं झाली. अर्जाला शेवटी उत्तर आलं, श्रीवर्धनजवळचंच गाव मिळालं. जायच्या सकाळी त्या चपला हातात घेऊन माझ्यावरून चालल्या, अगदी सावकाश. मधेच खाली बसल्या आणि मूठभर चुरा पदराच्या टोकाला बांधला. त्यांना न्यायला आलेला भाऊ हसून म्हणाला, "अगं, समुद्रावर शिंपले घेऊन चाललीस?" बाईंनी गाठ घट्ट केली.

त्यानंतर माझ्याकडे फारसं कुणी बघितलेलं नाही. कुशाबाई गेल्या. गेणबा थकला. आता तान्ह्यांना बाटलीने दूध पाजतात, त्यामुळे शिंप्याही येत नाहीत. माझ्या दोन्ही कडांनी हराळी आत आली आहे, मधे मधे मुरूम उघडा पडला आहे आणि सडकेकडच्या पाच पावलांतून काळी माती वर डोकावते आहे. तिला मी चांगली ओळखते. तिला घाई नसते.

मित्रांनो, भीमेवर जा, असं मी म्हणत नाही. सुटीच्या दिवशी घमेलंभर मुरूम आणा. हराळी उपटा. गली बुजवा आणि वरून धुमस नसेल तर नुसते नाचा, तरी चालेल. महिपतरावांना हाक मारा, ते येतील. हे सगळं माझ्यासाठी करू नका. या पावसाळ्यात एक बाई सडकेवर गाडीतून उतरेल आणि तिला ही चाळीस पावलं चालायची असतील. ती कोण, कुठल्या वस्तीवरची, हे मला ठाऊक नाही. पण ती निघाली आहे.